भुताची गोष्ट आणि प्रेक्षकांची तक्रार



ज्या व्यासपीठावर काल-परवापर्यंत अर्थकारण आणि इतिहास यांची चर्चा झाली, तेथे आज भुतांचा विषय निघावा याचे काही मंडळींना नवल वाटेल. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो, की भुते आहेत किंवा नाहीत या वादात मी शिरणार नाही. मला बोलावयाचे आहे ते भूत पाहावयास तिकीट काढून गेलेल्या माणसांविषयी. पडद्यावरील भूत काय करते यापेक्षा खुर्चीवरील माणूस त्याच्याकडून काय मागतो, हा प्रश्न मला अधिक मनोरंजक वाटतो.

उदाहरणादाखल एक चित्रपट घेतो. गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाचा ‘क्रिम्झन पीक’. तो २०१५ च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. इतक्या वर्षांनंतर गुपित फोडल्याचा दोष कोणी देणार नाही अशी आशा आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील अमेरिकेतील बफेलो शहर. तेथील एका उद्योगपतीची मुलगी ईडिथ. तिला लेखिका व्हावयाचे आहे. दहा वर्षांची असताना तिची आई पटकीने गेली आणि त्यानंतर एका रात्री काळेठिक्कर भूत होऊन मुलीच्या बिछान्याशी आली. येऊन तिने एका ठिकाणापासून जपून राहा एवढेच सांगितले. पुढे इंग्लंडातून सर थॉमस शार्प नावाचा एक देखणा, कफल्लक सरदार भांडवल मागावयास येतो. सोबत त्याची बहीण लुसील. ईडिथच्या बापाचा खून होतो, ईडिथ थॉमसशी लग्न करते आणि ॲलरडेल हॉल या त्याच्या पडक्या वाड्यात नांदावयास जाते. तेथे तिला चहातून विष दिले जाते. तिच्याआधी याच घरात आलेल्या बायकांची भुते तिला दिसू लागतात, आणि बहीण-भावाचे नाते बहीण-भावाचे राहिलेले नाही हेही शेवटी उघड होते.

आता प्रेक्षकांनी काय केले ते पाहा. अमेरिकेत पहिल्याच रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या लोकांकडून शाळेसारखे ए, बी, सी असे गुण भरून घेण्याची एक पद्धत आहे. या चित्रपटाला ‘बी वजा’ मिळाला. भयपटांना हे प्रेक्षक एरव्हीही हात आखडूनच गुण देतात, तेव्हा हा काही नापासाचा शेरा नव्हे. पण कौतुकाचाही नव्हे. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अमेरिकेत तो चौथ्या क्रमांकावर राहिला. निर्मितीचा खर्च सुमारे ५.५ कोटी डॉलर, आणि जगभरची तिकीटविक्री ७.५ कोटींच्या आसपास. या विक्रीतला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो आणि जाहिरातीचा खर्च निराळाच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा व्यवहार आतबट्ट्याचा झाला हे सांगावयास हिशेबनीस नको.

लोकांची पहिली तक्रार अगदी साधी होती : भीती वाटली नाही. ही तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. दिग्दर्शक मुलाखतींतून सांगत होता, की हा भयपट नसून गॉथिक प्रणयकथा आहे. चित्रपटातील ईडिथसुद्धा आपल्या हस्तलिखिताबद्दल, ही भुताची गोष्ट नाही, गोष्टीत एक भूत आहे इतकेच, अशा अर्थाचे बोलते. परंतु जाहिरातींत भुते पुढे होती आणि प्रदर्शनासाठी महिना निवडला तो ऑक्टोबर, म्हणजे अमेरिकेत हॅलोविनचा, भुताखेतांचा हंगाम. दुकानावर मिसळीची पाटी लावून आत बासुंदी वाढली, तर बासुंदी कितीही उत्तम असो, गिऱ्हाईक कुरकुरणारच. गंमत अशी, की पुढे २०१६ साली सॅटर्न पारितोषिके जाहीर झाली तेव्हा या चित्रपटाला उत्कृष्ट भयपटाचे पारितोषिक मिळाले. जी पाटी दिग्दर्शकाला नको होती, तीच बक्षीस म्हणून त्याच्या गळ्यात पडली!

दुसरी तक्रार, की रहस्य पहिल्या अर्ध्या तासातच कळते. कळतेच. पण ही कथा जात्याच तशी आहे. पेरोने १६९७ साली छापलेली निळ्या दाढीच्या नवऱ्याची गोष्ट घ्या. बंद खोलीत काय असणार हे वाचकाला ठाऊक असते, नवरीला नसते. आपल्याकडे रावण भिक्षेकऱ्याच्या वेषात दारी येतो तेव्हा पुढे काय होणार हे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येक पोराला माहीत असते, तरीही सीतेने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू नये असे त्याला वाटतच राहते. या तक्रारीवर मी अधिक वेळ घालवीत नाही.

तिसरी तक्रार मात्र वजनदार आहे. दिसावयास अप्रतिम, पण आतून पोकळ, असे अनेकांनी म्हटले. या चित्रपटाचा थाट खरोखरच विलक्षण आहे. टोरांटोच्या स्टुडिओत टॉमस सँडर्स या कलादिग्दर्शकाच्या हाताखाली तीन मजल्यांचा पुरा वाडा उभारला होता. त्यातील पाळणा, म्हणजे लिफ्ट, प्रत्यक्ष वरखाली होत असे. छपराला भगदाड आहे आणि त्यातून दिवाणखान्यात पाने नि बर्फ अखंड गळत असते. वाडा तांबड्या मातीच्या खाणीवर बसलेला. ती माती फळ्यांच्या फटींतून रक्तासारखी पाझरते, आणि हिवाळ्यात भोवतालचे बर्फ लालभडक होते. केट हॉली यांनी वेष केले आहेत : ईडिथच्या अंगावर फुलपाखराचे सोनेरी-पिवळे रंग, तर लुसील म्हणजे अंधारात वाढलेला पतंग. चित्रीकरण संपल्यावर हा सगळा वाडा मोडून टाकला. एवढा खटाटोप कशासाठी, असे हिशेबी माणूस विचारील.

माझे मत असे, की येथे सौंदर्य हाच कथेचा विषय आहे. शार्प घराण्याजवळ सुंदर वस्तूंशिवाय काहीच उरलेले नाही. खाण गेली, पैसा गेला, छप्पर गेले. राहिले ते नक्षीकाम, पियानो आणि कुळाचे नाव. त्या नक्षीसाठी भाऊ-बहीण एकामागून एक श्रीमंत मुली घरात आणतात आणि संपवतात. बफेलोतील बैठकीत ईडिथचा बाप थॉमसचे हात हाती घेऊन पाहतो आणि ते मऊ आहेत हे सर्वांसमक्ष बोलून दाखवतो. वाड्याकडे पाहून आपण हरखून जातो तेव्हा त्या मुलींच्या जागी आपणच उभे असतो. ज्यांना केवळ सजावट दिसली त्यांनी तो लाल चिखल पाहिलाच नाही असे मला वाटते.

तरी दोष आहेत. वाडा इतका बोलतो, की थॉमसला बोलावयास जागाच उरत नाही. तो बहिणीच्या पकडीतून सुटून ईडिथवर खरोखर प्रेम करू लागला हे आपल्याला सांगावे लागते, जाणवत नाही. टॉम हिडलस्टनसारखा नट असून ही गत! उलट जेसिका चॅस्टेनची लुसील वाड्यालाही पुरून उरते. भुतांविषयीही लोक म्हणाले, की ती संगणकाने काढलेली, खोटी वाटतात. वस्तुतः त्या भुतांच्या आत हाडामांसाचे नट होते, त्यांतला एक डग जोन्स. संगणकाने वर केवळ हात फिरवला. पण म्हणून प्रेक्षक चुकला असे होत नाही. पडद्यावर जे खोटे दिसले ते खोटेच. मागे किती घाम गाळला याची पावती प्रेक्षकाला दाखवून चालत नाही.

येथे आपल्याकडचे एक उदाहरण घेण्याजोगे आहे. १९४९ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजने कमाल अमरोही यांचा ‘महल’ काढला. तोच जुना वाडा, तीच झुलती झुंबरे, जोझेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने साधलेला तोच अंधार. तेथे भूत शेवटी भूत निघतच नाही. माळ्याची मुलगी निघते. इंग्लंडात ॲन रॅडक्लिफ बाईंनी ‘उडोल्फो’ कादंबरीत १७९४ सालीच ही युक्ती रूढ केली होती : घाबरवावयाचे आणि मग उलगडा करावयाचा. तरी आपल्या प्रेक्षकाने ‘महल’ डोक्यावर घेतला. याचे कारण माझ्या मते एका गाण्यात आहे. त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचेच नाव छापले होते. नभोवाणीकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, की हा आवाज कोणाचा; आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर करावे लागले. देह नसलेला आवाज ऐकून लोक पळाले नाहीत. त्यांनी नाव विचारले.

ही नाव विचारण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्या घरांतून पितृपक्षात मेलेल्या माणसांना नावागोत्रासकट जेवावयास बोलावतात. पिंडाला कावळा शिवेना झाला, की मंडळी आठवू लागतात : काय राहिले, कोणाची काळजी होती? कोणी तरी पुढे होऊन, ‘तुमच्या मुलीचे आम्ही बघू’ असे मोठ्याने म्हणते. या समजुतीवर विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. तिच्यात मृताविषयी भय आहे तसे कर्तव्यही आहे. ‘क्रिम्झन पीक’मधील भुते ईडिथला कधी इजा करीत नाहीत. ती फक्त सांगावयास येतात आणि त्यांचे रूप असे भयंकर झाले आहे, की ऐकणारी ऐकण्याआधीच किंचाळते. भुते नुसतीच येतात, करीत काहीच नाहीत, म्हणून प्रेक्षक चिडला. पण आपल्या घरातील एखाद्या आजीला हे कोडे पडले नसते. तिने पहिला प्रश्न केला असता, ‘काय हवंय गं बाई तुला?’ ईडिथ तेथवर पोचते, पण फार उशिरा. आधीच्या एका बायकोचे नाव तिला जुन्या ट्रंकेमुळे समजते, आणि मग त्या नावाने हाक मारून, तू इथे असशील तर मला खूण कर, असे ती रिकाम्या हवेला विनवते. माझ्या दृष्टीने सबंध चित्रपटातील खरी कलाटणी तेथे आहे, खुनाखुनीत नव्हे.

आणि पहिला प्रसंग पुन्हा मनात आणा. दहा वर्षांची पोर, पाठीशी येऊन उभी राहिलेली तिची स्वतःची आई, आणि पोर भीतीने गोठलेली. आई आली ती जीव वाचवावा म्हणून. मुलीला ते समजावयास चौदा वर्षे आणि एक विषारी संसार लागला. ज्या प्रेक्षकाला येथे फक्त दचकावयाचे होते तो दचकला, आणि पुढचे दीड-पावणेदोन तास पुढच्या दचक्याची वाट पाहत बसला. त्याला मी अरसिक म्हणत नाही. त्याला तिकीटच तसे विकले होते. ज्याच्या मनात त्या आईविषयी कळवळा उपजला, त्याने निराळाच चित्रपट पाहिला. आणि पुढच्या काळात या चित्रपटाला जे चाहते लाभले ते बहुधा या दुसऱ्या जातीचे आहेत.

शेवटाविषयी मात्र या दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांशी माझा थोडा वाद आहे. थॉमसचे भूत येते ते पांढरे, शांत. क्षणभर लुसीलची नजर त्याच्याकडे वळते आणि ईडिथ वाचते. लोक हा प्रसंग लक्षात ठेवतात. त्यानंतरचे एक दृश्य फारसे कोणी बोलत नाही : सगळे निघून गेल्यावर त्या ओस वाड्यात लुसील काळे भूत होऊन पियानोशी बसलेली आहे. तिला सावध करावयास कोणी उरले नाही, आणि तिला नावाने हाक मारणारेही कोणी नाही.