जनुकांतील बिघाड आणि तोंडाचा कर्करोग

कर्करोग हा जनुकांचा रोग आहे, हे विधान अलीकडे वर्तमानपत्रांतून आणि व्याख्यानांतून वारंवार कानांवर पडते. विधान खरे आहे; परंतु ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा होणारा परिणाम मात्र पुष्कळदा विपरीत असतो. जनुक म्हटले की वंश आठवतो, वंश म्हटला की आजा-पणजा आठवतात, आणि हा रोग रक्तातूनच उतरतो अशी समजूत होऊन बसते. या समजुतीची दोन फळे समाजात दिसतात. ज्याच्या घराण्यात हा रोग कधी कोणाला झाला नाही, तो निर्धास्त होऊन तंबाखूची चिमूट गालात धरतो. ज्याच्या वडिलांना तो झाला, तो कपाळी लिहिलेले टळत नाही असे म्हणून तीच चिमूट धरतो. विचार परस्परविरुद्ध, पण आचार एकच! डोके व मान या भागांतील कर्करोगांच्या बाबतीत तर हे दोघेही सारखेच फसलेले असतात. कारण हे रोग जनुकीय आहेत. पण बहुतांशी आनुवंशिक नाहीत.

या दोन शब्दांतील अंतर नीट ध्यानात घेतले पाहिजे. जनुकीय म्हणजे जनुकांत झालेल्या बदलामुळे घडणारे, आणि आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून मुलांकडे येणारे. एखाद्या मनुष्याच्या गालाच्या आतील अस्तरात पन्नासाव्या वर्षी एका पेशीत बदल झाला, तर तो त्या पेशीच्या संततीत उतरतो, त्या मनुष्याच्या संततीत उतरत नाही. मुलाला वडिलांकडून घर मिळेल, शेत मिळेल, कदाचित तंबाखूची डबीही मिळेल. वडिलांच्या गालातील तो बिघाड मिळत नाही.

डोके व मान यांचे कर्करोग म्हणताना मुख्यतः ओठ, जीभ, हिरडी, गाल, टाळू, घसा आणि स्वरयंत्र यांच्या अस्तरात उद्भवणारे रोग अभिप्रेत असतात. आपल्या देशात यांतील तोंडाच्या कर्करोगाचा पसारा फार मोठा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण आढळले, आणि पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच ठरला. हे दुखणे नवे नाही. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आणि तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ सालीच मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. त्या काळी रोगी डोळ्यांना दिसत होता आणि रोगाची गाठ सूक्ष्मदर्शकातून दिसत होती. पेशीच्या आत काय बिघडते, हे मात्र दिसत नव्हते.

ते काय असावे याचा तर्क मात्र त्यापूर्वीच झाला होता. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ साली असे प्रतिपादन केले, की पेशीतील गुणसूत्रांची वाटणी बिघडली म्हणजे तिची वाढ अनिर्बंध होते. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे तीन अब्ज अक्षरांचा एक ग्रंथ आहे आणि त्यात सुमारे २० हजार जनुके, म्हणजे जणू तितकी प्रकरणे आहेत, असे समजावे. तोंडाचे अस्तर सतत झिजते आणि सतत नवे होते. जुन्या पेशी गळतात, खालच्या थरातील पेशी दुभंगून त्यांची जागा घेतात. प्रत्येक वेळी तो संपूर्ण ग्रंथ नव्याने उतरून काढावा लागतो. नकलेत चूक होणे स्वाभाविक आहे. म्हणून ती दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीतच असते. परंतु बाहेरून येणारी विषे जेव्हा वर्षानुवर्षे अक्षरे खराब करीत राहतात, तेव्हा दुरुस्ती अपुरी पडते.

ग्रंथातील बहुतेक ठिकाणच्या चुकांनी काही बिघडत नाही. धोका असतो तो दोन प्रकारच्या जनुकांतील चुकांचा. घोडेस्वाराची उपमा घ्यावयाची, तर काही जनुके पेशीला वाढीसाठी टाच मारतात आणि काही तिचा लगाम धरतात. टाच मारणाऱ्या जनुकात बिघाड झाला की ती विनाकारण टाच मारीत राहतात. लगाम धरणाऱ्या जनुकात बिघाड झाला की लगाम सुटतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असल्याने लगाम पूर्णपणे सुटण्यास बहुधा दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात.

लगाम धरणाऱ्या जनुकांत सर्वांत ख्यातनाम आहे ते 'पी-५३'. याचे प्रथिन १९७९ साली सापडले. प्रारंभी ते कर्करोगाला साह्य करणारे आहे असाच समज होता. पुढे १९८९ च्या सुमारास उलट गोष्ट सिद्ध झाली. पेशीच्या ग्रंथाला इजा झाली की हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबविते, दुरुस्तीला अवसर देते, आणि दुरुस्ती अशक्य असल्यास त्या पेशीला आत्मनाश करावयास लावते. हा पहारेकरी गेला म्हणजे जखमी ग्रंथ घेऊन पेशी तशीच दुभंगत राहते, आणि चुकांवर चुका साचत जातात.

हे बदल एका दिवसात होत नाहीत, आणि या सर्व संशोधनातील महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कॅलिफानो, सिड्रान्स्की आदी संशोधकांनी १९९६ साली डोके व मान यांच्या अस्तरातील रोगाच्या निरनिराळ्या पायऱ्यांची तुलना करून पाहिली. नुसती वाढ झालेले अस्तर, विकृत झालेले अस्तर, जागच्या जागी असलेला कर्करोग आणि खोल रुजलेला कर्करोग अशा त्या पायऱ्या होत. त्यांना असे दिसून आले, की नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा अंश फार लवकर गळतो. 'पी-१६' नावाचा लगाम तेथेच असतो. त्यानंतर तिसऱ्या आणि सतराव्या गुणसूत्रांवरील अंश जातात. 'पी-५३' चे स्थान सतराव्यावर आहे. अकराव्या गुणसूत्रावरील बदल साधारणपणे त्याच्या पुढच्या पायरीवर दिसतात. हा क्रम प्रत्येक रुग्णात तंतोतंत असाच असतो असे नव्हे. बदलांची बेरीज किती झाली याला क्रमापेक्षा अधिक महत्त्व आहे. परंतु पायऱ्या आहेत, आणि त्या चढावयास रोगाला बहुधा कित्येक वर्षे लागतात, एवढे निश्चित झाले.

२०१५ साली अमेरिकेतील कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने या भागातील २७९ अर्बुदांची जनुके तपासून प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के अर्बुदांत 'पी-५३' बिघडलेले होते. धूम्रपानाशी निगडित अर्बुदांत तर 'पी-५३' आणि 'पी-१६' या दोन्ही लगामांचा नाश जवळजवळ सार्वत्रिक होता.

मग हे बदल लिहितो कोण? याचे उत्तर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वच्छ दिसते. डोके व मान यांचा कर्करोग झालेल्या १२९ रुग्णांची अर्बुदे त्यात तपासली गेली. सिगारेट आणि मद्य या दोहोंचे सेवन करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांच्या अर्बुदांत 'पी-५३' मध्ये उत्परिवर्तन होते; केवळ सिगारेट ओढणाऱ्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते; दोन्ही व्यसने नसणाऱ्यांत ते अवघे १७ टक्के भरले. सवयीची नोंद जनुकांत अशा रीतीने उमटलेली होती.

आपल्याकडे धुरापेक्षाही चघळण्याचा प्रश्न मोठा आहे. तंबाखूच्या पानात वाळवण-मुरवण होत असताना नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात, आणि ती पेशीच्या ग्रंथाला इजा करतात. तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा, मावा, खर्रा ही नावे प्रांतागणिक बदलतात, द्रव्ये तीच राहतात. सुपारी तेवढी निरुपद्रवी, असा समज अनेक सुशिक्षित घरांतही आढळतो. तोही टिकणारा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या प्रबंधात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले. सुपारीच्या व्यसनाने तोंडाच्या अस्तराखाली तंतू दाटतात, गाल कडक होतात आणि तोंड उघडेनासे होते. ही अवस्था पुढे कर्करोगाकडे वळू शकते.

गाल आणि हिरडी यांच्या सांध्याशी होणारा कर्करोग भारतात विशेष आढळतो, कारण चिमूट तेथेच दाबून ठेवली जाते. या प्रकाराचा जनुकीय अभ्यास पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था आणि नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था यांनी मिळून केला, आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. प्रथम ५० आणि मग पडताळ्यासाठी आणखी ६० रुग्णांची अर्बुदे त्यात घेतली होती. 'पी-५३' सारखे परिचित बिघाड त्यांत आढळलेच. शिवाय या विशिष्ट प्रकारात वारंवार बिघडणारी काही नवी जनुकेही हाती लागली.

येथे दोन अपवाद सांगणे अवश्य आहे. पहिला अपवाद विषाणूचा. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या भागांतील काही कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. यांत 'पी-५३' चे जनुक बहुधा शाबूत असते. पण विषाणूचे एक प्रथिन त्या पहारेकऱ्याचाच नाश घडवून आणते. हे रोग उपचारांना अधिक चांगली दाद देतात. पाश्चात्त्य देशांत त्यांचे प्रमाण बरेच आहे. दुसरा अपवाद खऱ्याखुऱ्या आनुवंशिकतेचा. फँकोनी रक्तक्षय नावाच्या दुर्मिळ जन्मजात विकारात जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणाच सदोष असते, आणि अशा व्यक्तींना तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका शेकडो पटींनी अधिक असतो. परंतु अपवाद तो अपवादच. त्यावरून सर्वसाधारण माणसाने आपले भविष्य वर्तविणे योग्य नव्हे.

रोग कळला म्हणजे औषध सापडलेच पाहिजे, अशी अपेक्षा होणे साहजिक आहे. या बाबतीत प्रगती झाली आहे, पण ती मर्यादित आहे. अति टाच मारणाऱ्या प्रथिनाला औषधाने आवरता येते. अशा एका औषधाची किरणोपचाराला जोड दिल्यास लाभ होतो, हे २००६ साली दिसून आले. अलीकडे शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधेही वापरात आली आहेत. परंतु या रोगात प्राधान्याने लगाम सुटलेले असतात, आणि जे जनुक नाहीसेच झाले ते औषधाने परत आणून देणे ही फार दुर्घट गोष्ट आहे. यामुळे शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच आजही मुख्य आधार आहेत. शिवाय अर्बुद काढून टाकले तरी भोवतालचे अस्तर निर्दोष असतेच असे नाही. १९५३ साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांच्या अभ्यासावरून दाखविले, की अर्बुदाच्या भोवतीचे अस्तरही बिघडलेले असते. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्या पेशींतही काही बदल आधीच लिहिले गेलेले असतात, हे पुढे जनुकांच्या तपासणीने पटले. एकदा बरा झालेला रुग्ण पुन्हा तंबाखूकडे वळला, तर दुसरे अर्बुद उद्भवण्याचा धोका म्हणूनच मोठा असतो.

म्हणजे या विज्ञानाचा सामान्य माणसाला होणारा खरा उपयोग औषधाच्या दुकानात शोधण्यापेक्षा काळाच्या हिशेबात शोधावा. पहिल्या बिघाडापासून खोल रुजलेल्या रोगापर्यंत वर्षांचे अंतर असते, आणि तोंड हा अवयव असा आहे, की आरसा आणि उजेड असला तर तो घरीही पाहता येतो. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, या खुणा त्या पायऱ्यांवरच्याच असू शकतात. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. धूम्रपान सोडणाऱ्यांचा धोकाही काही वर्षांतच उतरू लागतो, आणि वीस-एक वर्षांनी तो कधीच न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, खिशातल्या डबीपर्यंत पोहोचणे त्याला अवघड जाते.

तोंडात चट्टा दिसला म्हणजे घरातील वडीलधारी माणसे प्रथम आठवू लागतात, की हे कुळात पूर्वी कोणाला झाले होते काय. हा प्रश्न विचारण्यास हरकत नाही. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : गालात काय धरले जाते, आणि किती वर्षांपासून? जनुकांचे शास्त्र आज ज्या उत्तराला अधिक महत्त्व देते, ते या दुसऱ्या प्रश्नाचे आहे. आणि ते उत्तर मिळाल्यावर डॉक्टरांकडे जाण्यास त्याच आठवड्याचा मुहूर्त धरावा, हे उत्तम.