गोडीचे माप

साखरेवाचून गोड लागणारे द्रव्य निर्धोक आहे, हे कोणी व कसे ठरवावयाचे? अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीकडे हे काम आहे. ॲस्पार्टेमचे उदाहरण घ्या. उंदरांना दीर्घकाळ देऊनही अपाय न झालेली मात्रा होती शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ४,००० मिलिग्रॅम. समितीने तिला दहाने भागले. कारण माणूस उंदराहून नाजूक असू शकतो. माणसामाणसांतही फरक असतो, म्हणून पुन्हा दहाने भागले. अशा रीतीने १९८१ साली ४० मिलिग्रॅमची मर्यादा ठरली. कर्करोगाची शंका निघाल्यावर २०२३ साली फेरतपासणी झाली. मर्यादा कायम राहिली. तिच्या आधारे कोडेक्स आयोग प्रत्येक खाद्यप्रकारातील कमाल प्रमाण ठरवितो.

मात्र साठ किलोच्या प्रौढाला जेथे २,४०० मिलिग्रॅम चालतात, तेथे पंधरा किलोच्या बालकाची मर्यादा ६०० वरच संपते. फेनिलकीटोनूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना तर ही मर्यादा लागूच पडत नाही. वेष्टनावरील सूचना हाच त्यांचा आधार. म्हणून मुलाच्या हाती बाटली देण्यापूर्वी ते वेष्टन वाचावे, एवढीच विनंती.