दार नेमके कुठे बंद होते?

(सिरोंचा येथे तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भावाचा, विजेचा आणि कर्जाचा हिशेब झाला. आता एक वेगळा हिशेब मांडायचा आहे. विषय कुष्ठरोगाचा आहे. औषधाचे बोलणे थोडे, आपल्या वागण्याचे जास्त.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोगाचे जुने जिल्हे. देशपातळीवर दर दहा हजार माणसांमागे उपचार घेणारा रुग्ण एकापेक्षा कमी, ही पातळी डिसेंबर २००५ मध्ये गाठली गेली. रोग संपला, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. तो तसा नव्हता. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि त्यात आपलेही जिल्हे आहेत.

औषध नाही अशी स्थिती नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट मिळते. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या, रोग बरा होतो. उपचार सुरू झाले की रुग्णापासून लागण होणे लवकरच थांबते. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद मुळातच असते.

मग माणूस उशिरा का येतो? चट्टा दुखत नाही, खाजत नाही, हे एक कारण. दुसरे कारण असे की गावाला कळले तर काय होईल, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो बाहीखाली चट्टा झाकतो. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. तोवर नस मरते, बोटे वाकडी होतात, तळपाय बधिर होतो. औषध जंतू मारते, पण मेलेली नस परत देत नाही. ज्या बोटांनी कापूस वेचायचा, मिरची तोडायची, तीच बोटे जातात. त्या घराची मजुरी जाते. म्हणजे नुकसान जंतूने केले तेवढेच गावाच्या धाकानेही केले.

हा धाक किती आहे, हे कोणी मोजले आहे का?

तुम्ही म्हणाल, हे मोजायचे कसे? ‘तुम्ही कुष्ठरुग्णाचा तिटकारा करता का?’ असे विचारले तर सगळे ‘नाही’ म्हणतील. गुलाबी बोंडअळीचे असेच असते. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. अळी आत शिरली की तिचे भोकसुद्धा बुजते. म्हणून आपण शेताच्या वेगवेगळ्या भागांतून २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहतो. दोन किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के झाले, की फवारणीची वेळ आली. बोंड न फोडता ‘यंदा अळी नाही’ म्हणणारा शेतकरी वेचणीला डोक्याला हात लावून बसतो.

माणसाच्या मनाचे बोंड फोडण्याची रीतही तयार आहे. अमेरिकेत बोगार्डस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये अंतर मोजण्याची पट्टी मांडली. त्याने माणसाला ‘आवडतो का’ असे विचारले नाही. अमक्या समाजाच्या माणसाला देशात येऊ द्याल का, आपल्या धंद्यात घ्याल का, शेजारी राहू द्याल का, त्याच्याशी सोयरीक कराल का, असे एकेक पायरी चढत विचारले. कोणत्या पायरीवर दार बंद होते, ते त्याचे माप. पुढे हीच पट्टी कुष्ठरोगासाठी वापरात आली.

दुसरे माप तर मुंबईत कुष्ठरुग्ण आणि मनोरुग्ण यांच्याबरोबर झालेल्या कामातून घडले. ते १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेल्या प्रश्नावलीत गावासाठी १५ प्रश्न असतात. खुबी अशी की प्रश्न तुमच्याबद्दल नसतो, गावाबद्दल असतो. आपल्याकडे असा रोग झाला तर माणूस तो लपवील का? त्याच्या घरच्यांच्या लग्नात अडचण येईल का? लोक त्याच्याकडून खाण्याची वस्तू घेणे टाळतील का? स्वतःबद्दल गोड बोलणारा माणूस शेजाऱ्याबद्दल खरे बोलतो.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात याहून साधे माप बाजाराने दिले आहे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ सहा रुग्णांना घेऊन आनंदवन उभे केले. खडकाळ माळावर रुग्णांनी विहीर खोदली, भाजी पिकवली. भाजी उत्तम, पण वरोऱ्याच्या बाजारात सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. पुढे देशोदेशीचे स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर राबले आणि जेवले. वरोऱ्याने ते पाहिले आणि भाजी खपू लागली. साठच्या दशकात तेथे महाविद्यालय निघाले आणि गावातली पोरे कुष्ठरुग्णांच्या भूमीवर शिकायला जाऊ लागली. भाजी न विकण्यापासून पोर शिकायला पाठवण्यापर्यंत लोकांचे मन किती सरकले, याची मोजणी भाषणाने होत नाही, अशा व्यवहाराने होते.

सरकारचे मनही असेच मोजता येते. रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते २०१९ मध्ये निघाले. औषध येऊन किती वर्षे झाली होती, ते मोजा. रोग बरा करायला वर्ष पुरते. कायद्यातला कलंक पुसायला तीन-चार दशके गेली.

आता आपले काम. प्रत्येक गावशाखेने हे माप घ्यावे. खर्च काही नाही. सात मडकी घ्या, तोंडाला फडके बांधा, हात जाईल एवढी फट ठेवा. मग एका माणसाचे चित्र उभे करा: चाळीस वर्षांचा शेतमजूर. कुष्ठरोग झाला होता, पूर्ण औषध घेतले, डॉक्टरांनी बरा झाला म्हणून सांगितले. डाव्या हाताची दोन बोटे वाकडी आहेत. आता सात प्रश्न.

१. त्याला वेचणीला बोलवाल का?
२. घरच्या कपात चहा द्याल का?
३. त्याच्या बायकोने विकायला आणलेली भाजी घ्याल का?
४. पंगतीत त्याच्या शेजारी बसाल का?
५. शेजारी घर बांधू द्याल का?
६. ग्रामपंचायतीला त्याला मत द्याल का?
७. त्याच्या मुलीशी आपल्या मुलाची सोयरीक कराल का?

‘होय’ला ज्वारीचा दाणा, ‘नाही’ला सरकी. मूठ झाकून मडक्यात टाकायची. कोणी काय टाकले ते कोणाला कळू नये. मग मडकी रिकामी करून मोजा. दुसऱ्या फेरीत तेच प्रश्न ‘आपल्या गावातले लोक असे करतील का?’ अशा रीतीने विचारा. दुसऱ्या फेरीत सरकी जास्त निघाली, तर समजावे की गावाला गावाचाच धाक आहे. रुग्ण चट्टा लपवतो तो या दुसऱ्या आकड्याला भिऊन.

चार पथ्ये पाळा. पहिले, मोजायचे ते आपल्याला, रुग्णाला नाही. गावातल्या कोणाचे नाव घ्यायचे नाही. दुसरे, धुऱ्याजवळची झाडे पाहून शेताचा अंदाज बांधत नाहीत. तसे फक्त बैठकीला येणाऱ्यांना विचारून गाव कळत नाही. दर पाचव्या घरातून माणूस बोलवा, बायकांची मोजणी वेगळी करा. तिसरे, सिरोंच्यात तेलुगू, माडिया आणि मराठी अशा तिन्ही बोली आहेत. ज्याच्या त्याच्या बोलीत विचारा. ‘महारोग’, ‘रक्तपिती’ हे शब्द ऐकताच मन आखडते, म्हणून शब्द एकच ठरवा आणि पुढच्या वर्षी तोच वापरा. चौथे, वर्षाने पुन्हा मोजा. एकदा मोजलेल्या पावसावरून हंगाम कळत नाही.

आणि मधल्या वर्षात काय करायचे? इंडोनेशियातील चिरेबोन जिल्ह्यात २०१० नंतरच्या काही वर्षांत हे मापून पाहिले गेले. बरे झालेले लोक स्वतःची हकीकत घेऊन गावासमोर आले, आणि गावाचे माप खाली आले. वरोऱ्याने शिकवले तेही हेच. नुसत्या पत्रकाने भागत नाही. बरोबर काम करावे लागते, बरोबर जेवावे लागते. जो बरा झाला आहे आणि स्वतःहून बोलायला तयार आहे, त्याला व्यासपीठावर जागा द्या. वेचणीची टोळी ठरवताना त्याला वगळू नका, आणि मजुरी इतरांएवढीच द्या.

हीच पट्टी पुढे दुसऱ्यांसाठीही वापरता येईल. चित्रातला माणूस बदला: करणीचा आळ आलेली म्हातारी, डोके फिरले म्हणून बांधून ठेवलेला पोरगा, कर्जापायी नवरा गेलेली बाई. मडकी तीच, प्रश्न थोडे बदलतील.

उत्पादनखर्चाचा हिशेब आपण स्वतः मांडायला लागलो, तेव्हा आपली लूट आपल्याला दिसली. ती दुसऱ्याने केलेली होती. या मडक्यांतून निघेल ती आपण केलेली असेल. मोजायला कठीण जाईल, पण मोजा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत: कोणत्या प्रश्नाला सरकी ज्वारीपेक्षा जास्त झाली, आणि दुसऱ्या फेरीत ती किती वाढली. आणि आजच घरी गेल्यावर सगळ्यांचे अंग पाहा. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला स्पर्श कळत नाही, असा दिसला तर आशाताईंना दाखवा. झाकू नका.