वाशीचा पूल की ऐरोलीचा?



नवी मुंबईतून खाडीपलीकडे जायला आज तीन वाटा आहेत. वाशीला पहिला खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पुढे त्याच्या शेजारी नवे पूल आले. ऐरोलीचा पूल मुलुंडला उतरतो. आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू उलव्याच्या बाजूनं शिवडीला नेतो. घणसोलीतल्या एखाद्या टेम्पोवाल्याला विचारा, तो नकाशा उघडत नाही. मुलुंडचा माल असेल तर ऐरोली. मुंबईत दुसरीकडे कुठेही जायचं असेल तर वाशी. एवढं त्याच्या डोक्यात पक्कं असतं.

अगदी असाच तक्ता तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये असतो, मोबाइलमध्येही असतो. त्याला राउटिंग टेबल म्हणतात. त्यातली प्रत्येक ओळ साधी असते: अमुक पत्त्यांकडे जायचं असेल, तर पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तमुक दाराशी नेऊन दे. या दाराला गेटवे म्हणायचं. सगळ्यांत महत्त्वाची ओळ म्हणजे डिफॉल्ट रूट, टेम्पोवाल्याचा वाशीचा पूल. ज्या पत्त्यासाठी वेगळी सूचना नाही, ते सगळं त्या दाराकडे. आणि नियम असा की, दोन ओळी लागू पडत असतील तर ज्या ओळीत पत्ता जास्त नेमका सांगितलाय ती ओळ जिंकते. 'मुंबई' आणि 'मुलुंड' अशा दोन ओळी असतील, तर मुलुंडच्या मालाला मुलुंडची ओळ लागू.

कॉम्प्युटरला पूर्ण वाट माहीत नसते, हे इथं मला मुद्दाम सांगायचंय. त्याला फक्त पुढचं दार माहीत असतं. त्या दारातल्या राउटरला त्याच्या पुढचं. नेरूळहून निघालेलं पॅकेट अमेरिकेपर्यंत पोहोचतं ते वाटेतल्या प्रत्येक नाक्यानं आपल्यापुरतं बरोबर सांगितलं म्हणून. सिडकोनं हे शहर वसवताना वाशी, नेरूळ, ऐरोली अशा वसाहतींना 'नोड' हे नाव दिलं, आणि नेटवर्कवाले आम्हीही प्रत्येक टप्प्याला नोडच म्हणतो. हा शब्द आम्हा नवी मुंबईकरांना शिकवावा लागत नाही.

आता ही ओळ हातानं लिहायची वेळ कधी येते? माझ्यावर ती आली टाळेबंदीत. २०२० च्या एप्रिलमध्ये ऑफिसनं मला घरी एक छोटा डबा पाठवला, ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारा. घरात आधीच ब्रॉडबँडचा राउटर होता. म्हणजे घराला दोन दारं झाली. कॉम्प्युटरला डिफॉल्ट म्हणून ब्रॉडबँडचंच दार ठाऊक. ऑफिसचे सर्व्हर १० नं सुरू होणाऱ्या खाजगी पत्त्यांवर. म्हणून मी लिनक्सवर एक ओळ हातानं घातली: या पत्त्यांसाठी डब्याच्या दारानं जा. दहा सेकंदांचं काम. लगेच सगळं चालू झालं, आणि मी ती ओळ विसरून गेलो.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार अनेक श्रोत्यांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. माझा छोटा यूपीएस अर्ध्या तासात दमला आणि सहा महिने न थांबलेला कॉम्प्युटर बंद पडला. वीज आल्यावर मी तो सुरू केला. इंटरनेट उत्तम. बातम्या उघडतायत, मेल येतंय. फक्त ऑफिसचा एकही सर्व्हर उत्तर देईना. एवढा मोठा वीजबिघाड झालेला, त्यामुळे तिकडचंच काहीतरी बंद असणार हे मी गृहीत धरलं. दोन तास मी तिकडच्या माणसांना फोन करत राहिलो. ते बिचारे म्हणत होते, आमच्याकडे सगळं सुरू आहे.

शेवटी तक्ता उघडला, आणि माझी ओळ तिथं नव्हती. अशी घातलेली ओळ फक्त चालू स्मृतीत राहते. कॉम्प्युटर बंद झाला की ती पुसली जाते. ती टिकवायची तर नेटवर्कच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावी लागते. विंडोजवर हेच काम 'रूट ॲड' या आज्ञेला 'पी' हा पर्याय जोडून होतं, पी म्हणजे पर्सिस्टंट, टिकाऊ. मी ते केलं नव्हतं. त्यामुळे ऑफिसची सगळी पॅकेटं दोन तास ब्रॉडबँडच्या दारातून बाहेर पडत होती. पण १० नं सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, १९९६ पासूनचा तसा ठराव आहे. बाहेरच्या इंटरनेटवर त्या पत्त्यावर कुणीही राहत नाही. माझी पॅकेटं वाटेतच टाकून दिली जात होती.

माझी ओळ नाहीशी झाली, त्यात एका माणसाचे दोन तास गेले. चुकीची ओळ काय करू शकते, हे जगानं २४ फेब्रुवारी २००८ ला पाहिलं. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला. पाकिस्तान टेलिकॉमनं यूट्यूबच्या पत्त्यांपैकी २५६ पत्त्यांचा एक गट आपल्याकडे वळवला. देशापुरती ठेवायची ही वाट त्यांच्या हाँगकाँगच्या पुरवठादारामार्फत जगभर जाहीर झाली. यूट्यूबनं स्वतः १०२४ पत्त्यांचा मोठा गट जाहीर केला होता. मघाशी सांगितलेला नियम आठवा: जास्त नेमकी, म्हणजे लहान गटाची, ओळ जिंकते. जगभरची पॅकेटं पाकिस्तानकडे धावली आणि दोन तासांहून अधिक काळ यूट्यूब जगाच्या मोठ्या भागात दिसेनासं झालं. तोडगाही त्याच नियमानं निघाला. यूट्यूबनं आधी तितकाच नेमका आणि मग त्याहून लहान, १२८ पत्त्यांचे गट जाहीर केले.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे इथं आज देशातली मोठमोठी डेटा सेंटरं आहेत. इंटरनेटच्या कण्यावरच्या मोठ्या राउटरांत नऊ लाखांहून अधिक ओळी असतात, आणि त्या माणूस लिहीत नाही. राउटर एकमेकांशी बोलून त्या सतत बदलत राहतात. त्यामुळे नव्या मुलांना वाटतं, हातानं ओळ लिहिणं हे जुनं काम झालं. मला हे पटत नाही. याच रस्त्यावरचा एखादा कारखाना, तुर्भ्याच्या बाजारातली अडत्याची पेढी, दोन मजल्यांचा दवाखाना, अशा ठिकाणी दोन दारं असतात आणि चार-पाच ओळी कुणीतरी हातानंच घातलेल्या असतात. तो कुणीतरी नोकरी सोडून गेलेला असतो. दार बदलतं, ब्रॉडबँडची कंपनी बदलते, ओळ मात्र जुन्याच दाराकडे बोट दाखवत राहते. रुग्णाचा रिपोर्ट उघडत नाही, बिल निघत नाही, आणि दोष यंत्राला दिला जातो. यंत्र तर दिलेली सूचना तंतोतंत पाळत असतं.

तेव्हा माझी एक विनंती आहे. विंडोज असेल तर काळ्या खिडकीत 'रूट प्रिंट' लिहा, लिनक्स असेल तर 'आयपी रूट'. एवढ्यानं काही बिघडत नाही, तक्ता फक्त समोर दिसतो. विंडोजवर सगळ्या शून्यांची, लिनक्सवर 'डिफॉल्ट' लिहिलेली ओळ शोधा, ती तुमचा वाशीचा पूल. बाकीच्या ओळी एकदा वाचा. आणि तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी हातानं ओळ घातली असेल, तर ती कुणी, कधी, कशासाठी घातली ते त्याला आजच विचारा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. तो माणूस अजून नोकरीत आहे तोवर विचारा.