टर्बो तेल का टाकतो?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपल्या धंद्यातलं, सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी सांगायचं, असं ठरलं आहे. माझा धंदा डिझेल गाड्या दुरुस्त करण्याचा. तुमच्यापैकी बरेच जण आज टर्बोच्या गाडीतूनच आलात, म्हणून हा विषय.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात भरतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तिथे रबरी सील नसतं, पिस्टनला असते तशी बारीक रिंग असते. तेल आत राहतं ते मुख्यतः दोन्ही चाकांकडच्या हवेच्या दाबामुळे, आणि परत खाली जातं ते केवळ उताराने. म्हणून टर्बोतून तेल आलं, तरी दोष टर्बोचाच असेल असं नाही.

भाजीपाला वाहणारा एक पिकअपवाला माझ्याकडे आला. दुसरीकडे दोनदा टर्बो बदलून झाला होता, निळा धूर तसाच. गाडीचे हप्ते थकलेले. मी परतीचा पाईप काढला. जळून घट्ट झालेल्या तेलाने तो निम्मा बुजला होता. ब्रीदरही चोंदलेला. पाईप नवा घातला, ब्रीदर साफ केला, ऑईल-फिल्टर बदलला. टर्बोच्या दांड्याला प्ले नव्हता. तोच टर्बो ठेवला. धूर बंद झाला.

तेव्हा तपासायचा क्रम लक्षात ठेवा. आधी ऑईलची पातळी, जास्त भरलंय का. मग एअर फिल्टर; तो चोंदला तर टर्बो तेल ओढतो. मग ब्रीदर, मग परतीचा पाईप; सीलंटची पेस्ट आत शिरून तोंड बंद झालेलंही सापडतं. शेवटी दांडा. बाजूला किंचित हलला तर चालतं; आत-बाहेर हलत असेल किंवा चाक घराला घासत असेल, तर टर्बो गेला. हवेच्या पाईपात तेलाचा नुसता ओलावा दिसला तर घाबरू नका, तो बहुधा ब्रीदरचा असतो.

दुरुस्तीनंतर इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल काढायलाच हवं. ते इंजिनात गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. नवा टर्बो बसवताना सुरू करण्याआधी त्यात हाताने तेल घालून घ्यावं.

आणि घाट चढून आलात, तर इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा. मेकॅनिकने "टर्बो गेला" म्हटलं, तर एवढंच विचारा, "परतीचा पाईप पाहिलात का?"