उशिरा लाभलेले यश

(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आज गुणवंतांचा सत्कार झाला, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु परीक्षेत अपयश आल्याने मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या मुलांकरिता आम्ही एका इटालियन मोटार-शर्यतपटूची हकिकत सांगणार आहो.

गाब्रिएले तार्क्विनी यांचा जन्म १९६२ साली समुद्रकाठच्या जुलियानोव्हा गावी झाला. फॉर्म्युला वन ही मोटार-शर्यतींतील सर्वश्रेष्ठ स्पर्धा. तीत त्यांनी ७८ वेळा नाव नोंदविले. प्रत्यक्ष धावावयास मिळाले ते ३८ वेळा. गाड्या पुष्कळ, जागा थोड्या. बाकीच्या वेळी बहुधा पात्रता-चाचणीतूनच परतावे लागले. १९८९ साली मेक्सिकोत सहावा क्रमांक आला, तेवढाच काय तो एक गुण पदरी पडला.

पुढे त्यांनी टूरिंग कारच्या शर्यतींत जम बसविला. नित्य रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारीच सुधारून तेथे पळवितात. कोणी यास उतरती पायरी म्हणेल. पण याच क्षेत्रात ते १९९४ साली ब्रिटनचे विजेते झाले, २००३ साली युरोपचे, आणि २००९ साली, वयाच्या ४७व्या वर्षी, जगाचे! २०१८ साली ५६व्या वर्षी त्यांनी अवघ्या ३ गुणांनी विश्वचषकही जिंकिला.

आम्ही पस्तीस वर्षे खडू हाती धरिला. 'तुझ्याने काही होणार नाही,' असे आम्हीही एका नापास मुलास बोललो होतो. तो पुन्हा शाळेत आला नाही. पालकहो, ती चूक आपण करू नये. मुलास दुसरी वाट शोधण्यास अवसर द्यावा, एवढीच विनंती.