मोगऱ्याचा बहार



चैत्र-वैशाखात दादरच्या फूलबाजारात पहाटे जाणाऱ्याला मोगरा दिसण्याआधी त्याचा वास येतो. वसईच्या वाड्यांतला माल इथे पूर्वीपासून उतरतो. अलीकडे जव्हार, विक्रमगड, मोखाड्याच्या आदिवासी शेतकऱ्यांचा मोगराही येऊ लागला आहे. भात कापून झाला की वीटभट्टीची वाट धरावी लागणाऱ्या या भागात, घराजवळच्या काही गुंठ्यांतला मोगरा भर उन्हाळ्यात हातात रोख पैसा देतो. घरातली माणसे पहाटे कळ्या खुडायला लागतात. भरलेली, पांढरीशुभ्र, पण न उमललेली कळीच काढायची. उमललेल्या फुलाला बाजारात भाव नाही.

हाच मोगरा शहरातल्या गॅलरीत मात्र वर्षानुवर्षे नुसता हिरवागार राहतो. पाणी रोज, खत वेळच्या वेळी, आणि कळीचा पत्ता नाही! दोष रोपाचा नसतो. मोगऱ्याला लाड मानवत नाहीत, एवढे ओळखले की निम्मे काम झाले.

मोगरा कळ्या धरतो त्या नव्या फुटव्यावर. जुनी फांदी कितीही जोमदार असली, तरी तिला कोवळे धुमारे फुटल्याशिवाय फूल नाही. म्हणून शेतकरी नोव्हेंबरात पाणी तोडतो आणि झाडाला ताण देतो. पाने पिवळी पडतात, गळतात. मग डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून दीड-दोन फूट ठेवून तो झुडूप छाटतो, आळे खणून कुजलेले शेणखत घालतो आणि भरपूर पाणी सोडतो. काही आठवड्यांतच सगळे झुडूप कोवळ्या, पोपटी फुटव्याने भरून जाते.

घरच्या कुंडीलाही हेच लागू आहे, फक्त बेताने. कुंडीतली माती थोडी. तिथे पाणी पूर्ण तोडले तर रोपच हातचे जाईल. पंधरा-वीस दिवस पाणी कमी करावे, मग वाळकी, किडकी आणि आत वळलेली काटकी काढून उरलेल्या फांद्या निम्म्याने छाटाव्यात. धारदार कात्री, डोळ्याच्या जरा वर तिरका काप. छाटताना हात आखडतो, हे खरे; पण इथे दया दाखवली की उन्हाळा फुलांवाचून जातो.

नव्या फुटव्याचे टोक जवळून पाहावे. तिथे बहुधा तीन कळ्या एकत्र दिसतात, मधली मोठी आणि दोन्ही बाजूंना दोन लहान. मधली आधी उमलते, संध्याकाळ कलल्यावर. दुसऱ्या दिवशी ते फूल मलूल होते आणि पाकळ्यांवर जांभळट झाक चढते.

ऊन मात्र हवेच. दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर खताचा काही उपयोग नाही. उलट नत्र जास्त झाले की पानेच माजतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडते आहे असे समजावे. चुनखडीच्या मातीत हे हमखास होते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून फवारले की रंग परततो. कळ्या उमलण्याआधीच जांभळ्या पडून वाळत असतील, तर आत अळी आहे. तशा कळ्या खुडून नष्ट कराव्यात, झाडाखाली टाकू नयेत.

जातींचे म्हणाल तर आवड ज्याची त्याची. बटमोगऱ्याची कळी गोल, टपोरी, पाकळ्या गच्च. मदनबाणाची लांबट, टोकदार. हजारी मोगरा घोसांनी फुलतो. गजऱ्याला लांब कळी बरी. देवासमोरच्या तबकात बटमोगऱ्यासारखा मोगरा नाही.

मोगऱ्याला सहसा बी धरत नाही, त्यामुळे रोप करायचे ते फांदीपासून. पावसाळा त्यासाठी उत्तम. खालची लवचीक फांदी वाकवावी, डोळ्याजवळ साल थोडी खरवडावी, तेवढा भाग ओल्या मातीत दाबून वर दगड ठेवावा. दोन-अडीच महिन्यांत मुळे धरतात. मग फांदी मूळ झाडापासून तोडून रोप वेगळ्या कुंडीत लावावे आणि पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवून हळूहळू उन्हात आणावे.